लेखणीवरील कोरीव नांव आणि त्यांतील रंग

वस्तूवर नांव घालण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. लग्नांत आलेल्या तांब्यावर, परातीवर, कळशीवर देणाराचें नांव ठोकून घातलेलें असतें, आणि पुष्कळ घरांचा तीन-चार पिढ्यांचा इतिहास पेटींतल्या कागदांपेक्षां फडताळांतल्या भांड्यांवरच अधिक नीट वाचावयास मिळतो. परंतु भांड्यावरील नांवाला रंग लागत नाहीं. पितळेवर उजेड पडला कीं टिंबांच्या ओळींत सावली धरते, आणि तेवढ्यानें अक्षर उठून दिसतें. लेखणीचें तसें नाहीं. ती बोटाएवढी जाड, वाटोळी, अंगानें बहुधा काळी किंवा बदामी. तिच्यावरील अक्षरें जोंधळ्याच्या दाण्याएवढीं. नुसतें कोरलेलें नांव अशा अंगावर चटकन् दिसत नाहीं. म्हणून खांचेंत रंग भरावा लागतो, आणि हें शेवटचें घटकाभराचें काम आधींच्या दोन दिवसांच्या श्रमाचें सोनें करतें किंवा माती करतें.

चंद्रपूर आणि गडचिरोली या रानमुलखांत या कामाला विशेष अर्थ आहे. हे दोन्ही मिळून पूर्वी एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली त्यांतून वेगळा झाला. या मुलखांतला वेळू आजवर मुख्यतः दोन वाटांनीं रानाबाहेर पडत आला. एक वाट बुरडांच्या हातांतून सुपें, टोपल्या, तट्टे या रूपानें आठवड्याच्या बाजाराकडे जाणारी. दुसरी, १९४५ सालीं बल्लारपुरास निघालेल्या कागदाच्या गिरणीकडे जाणारी. म्हणजे लिहिण्याच्या कामीं हा वेळू दीर्घकाळ उपयोगी पडला, पण लगदा होऊन. लेखणी होऊन तो बाजारांत यावयाचा, तर आधीं तो रानांत राहणाराच्या हातीं यावयास हवा होता. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं वेळूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेकडे आला. पुढें २०१४ सालीं चंद्रपुराजवळ चिचपल्ली येथें बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्याचें ठरलें. वेळूचा भारा विकला तर मजुरी सुटते; त्याच भाऱ्यांतल्या एका कांड्याची लेखणी केली आणि तिच्यावर घेणाराचें नांव स्वच्छ उमटलें, तर किंमत सांगण्याचा अधिकार कारागिराकडे येतो. मात्र ज्या नांवानें किंमत चढते, त्याच नांवानें ती बुडते. साधी लेखणी एकानें नाकारली तर दुसरा घेतो. नांव घातलेली, आणि तेंही फिसकटलेलें, अशी लेखणी फुकट दिली तरी कोणी खिशाला लावीत नाहीं.

नांव फिसकटतें कां, हें समजण्यासाठीं वेळूची आंतली घडण पाहावयास हवी. वेळूचें कांडें दिसावयास लांकडासारखें असलें तरी तें लांकूड नव्हे. वेळू ही मुळांत गवताची जात आहे. झाडाच्या खोडांत पाणी वर नेणाऱ्या उभ्या नळ्या असतात, तशा गाभ्याकडून सालीकडे आडव्या जाणाऱ्या पेशींच्या ओळीही असतात. वेळूच्या कांड्यांत या आडव्या ओळी मुळींच नाहींत. सारे तंतु आणि साऱ्या नळ्या एका गांठीपासून दुसऱ्या गांठीपर्यंत सरळ धांवतात. बाहेरची साल गुळगुळीत, कठीण, वाळूच्या द्रव्यानें भरलेली. तिच्यांत रंग मुरत नाहीं. ती साल कोरणीनें फोडली कीं आंतल्या नळ्यांचीं तोंडें उघडीं पडतात. त्या तोंडांत पातळ रंग गेला, म्हणजे टीपकागदावर शाई धांवावी तसा तो धांवतो. फरक इतकाच कीं, टीपकागदावर शाई चोहोंकडे पसरते, आणि वेळूंत ती तंतूंच्या लांबीबरोबर दोनच दिशांना जाते. या रानांत मुख्य जाति दोन, मानवेल आणि कटांग. मानवेलाच्या भिंती जाड आणि पोकळी लहान, म्हणून लेखणीला तो बरा. परंतु रंग धांवण्याच्या बाबतींत दोघांचा स्वभाव सारखाच.

आतां या घडणीवर आपली लिपि कशी बसते तें पाहण्यासारखें आहे. लेखणीवर नांव लांबीनें कोरतात. त्यामुळें शिरोरेषा बरोबर तंतूंना समांतर पडते, आणि काना व अक्षरांचे उभे दंड तंतूंना आडवे कापीत जातात. रोमन अक्षरें सुटीं सुटीं असतात. त्यांच्या माथ्यावरून अशी सलग रेघ जात नाहीं. देवनागरींत ती जाते, आणि कांहीं अक्षरांत ती मुद्दाम तोडलेली असते. ध आणि घ, भ आणि म यांतला भेद पुष्कळसा या तुटलेल्या शिरोरेषेचाच आहे. लेखणीवर ही फट केसाएवढी येते. रंगाला धांवण्याची दिशा तीच, शिरोरेषेची दिशा तीच. तेव्हां फटीच्या एका टोंकाचा रंग तंतूंतून निघून दुसऱ्या टोंकाला मिळतो आणि फट बुजते. मग माधवचा माघव होतो आणि शोभाची शोमा होते. कोरणाराची कांहीं चूक नसते, लिहून देणाराचीही नसते. रंग बोटानें चोळून भरला, पुसला, ठीक दिसला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों नांव बदललेलें, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय म्हणजे रंग देण्यापूर्वीं नळ्यांचीं तोंडें बंद करणें. त्याला लागणारें द्रव्य याच रानाच्या झाडांवर होतें, ही गोष्ट मौजेची आहे. पळस आणि कुसुंब या दोन्ही झाडांवर लाखेचा किडा वाढतो आणि त्याच्या अंगांतून पाझरणारी राळ फांद्यांवर थिजते. ती खरवडून, धुऊन, वितळवून व गाळून तिचे पातळ पापुद्रे काढले म्हणजे चपडा तयार होतो. एक भाग चपडा आठ-दहा भाग स्पिरिटांत रात्रभर ठेवून विरघळविला, कीं मधाच्या रंगाचें पातळ वार्निश मिळतें. त्याचा एक हात कोरण्यापूर्वीं सबंध अंगावर द्यावा, आणि कोरून झाल्यावर, खांचेंतला भुसा मऊ कुंचल्यानें काढून, दुसरा हात बारीक कुंचल्यानें खांचेच्या आंत द्यावा. हा दुसरा हात पुष्कळजण विसरतात, आणि सारें नुकसान तेथेंच होतें. कारण पहिल्या हातानें बंद झालेलीं तोंडें कोरणीनें पुनः उघडलीं, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. जाड थर एकदां देण्यापेक्षां पातळ थर दोनदां देणें केव्हांही चांगलें. जाड थरानें खांच भरून येते आणि मग रंगाला जागाच उरत नाहीं.

लेपानंतर रंग कोणता घ्यावा, याचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. लेप ज्यांत विरघळतो, त्यांत रंग विरघळतां कामा नये. चपडा स्पिरिटांत विरघळतो, पण टर्पेंटाइनाचा त्याच्यावर परिणाम होत नाहीं. तेलाचा रंग टर्पेंटाइनानें पुसला जातो. म्हणून चपड्यावर तेलरंग ही जोडी जमते. सांडलेला रंग टर्पेंटाइनाच्या ओलसर फडक्यानें निघतो आणि खालचा लेप जसाच्या तसा राहतो. हल्ली मिळणाऱ्या पुष्कळशा पक्क्या मार्करांची शाई स्पिरिटांत केलेली असते. ती दिसावयास सोयीची, परंतु चपड्यावर लावली कीं ती लेपच विरघळविते आणि त्याला घेऊन तंतूंत शिरते. बाजारांतील डब्यांतला एनॅमल रंग चालतो. घरीं रंग करावयाचा असेल तर जवसाचें तेल पूर्व विदर्भांत नवें नाहीं. त्यांत काजळ, गेरू किंवा पांढरा जस्तभस्माचा रंग लोण्याइतका घट्ट खलून घ्यावा. येथें एक धीराची गोष्ट आहे. जवसाचें तेल उडून जाऊन वाळत नाहीं. तें हवेंतला प्राणवायु शोषून घट्ट होतें. त्याला दिवस लागतात, आणि काजळ घातलें तर आणखीच जास्त. उन्हांत ठेवून घाई करण्यांत अर्थ नाहीं, कारण चांद्याचें वैशाखांतलें ऊन लांकडाला आणि वेळूला तडे पाडण्यास पुरेसें आहे.

रंग भरणें हें स्वतः सोपें आहे; पुसणें अवघड. बारीक कुंचल्यानें किंवा टोंकदार काडीनें रंग खांचेंत दाबून बसवावा, म्हणजे तळाशीं हवेचा बुडबुडा राहत नाहीं. कडेला थोडा सांडला तरी चिंता नको. नंतर थोडा वेळ थांबावें. रंगाची वरची कातडी जरा आळली पाहिजे, पण पोट ओलेंच पाहिजे. फडकें बोटाला गुंडाळून पुसूं लागलें, कीं बोटाचें मांस खांचेंत उतरतें आणि भरलेला रंग उचलून आणतें. त्यासाठीं जुन्या पोस्टकार्डाच्या तुकड्यावर फडकें ताणून धरावें. तें खांचेवरून पुलासारखें जातें. रेघेच्या लांबीनें पुसलें तर रंग नांगरल्यासारखा निघून येतो, रेघेला आडवें पुसलें तर तो राहतो, हें कोणाही कारागिराला ठाऊक असतें. परंतु देवनागरींत काना आणि शिरोरेषा एकमेकींना काटकोनांत असतात. एकीला आडवें जावें तर तें दुसरीच्या लांबीनें होतें. म्हणून येथें हात तिरपा चालवावा लागतो, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. सर्वांत जास्त त्रास देतो तो अनुस्वार. तें एक टिंब. त्याला धरून ठेवावयास लांबी नाहीं. पुसतांना त्यांतला रंग गोळीसारखा बाहेर पडतो आणि गंगाधरची गगाधर अशी दशा होते. ज्यांना अनुभव आहे ते टिंब इतर रेघांपेक्षां थोडें अधिक खोल घेतात आणि तें शेवटीं, काडीच्या टोंकानें, एकटें भरतात. तेलाच्या रंगाला बहुधा एकच भरण पुरते. पाण्याचा किंवा उडून वाळणारा रंग आंत बसतो, खांच अर्धी रिकामी दिसूं लागते, आणि दुसरें भरण द्यावें लागतें.

लांकडी लेखण्यांचीं दुखणीं याहून वेगळीं आहेत. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीं २०२३ सालीं याच मुलखांतून सागवान गेलें. तें तुळईला आणि दाराला जितकें उत्तम तितकें लेखणीवरील नांवाला अनुकूल नाहीं. सागाचीं छिद्रें मोठीं, उघडीं. पुसलेला रंग त्यांत अडकून अक्षराभोंवतीं तिळासारखे ठिपके उठतात. शिवाय सागाच्या अंगीं असलेल्या तेलकट द्रव्यामुळें तेलरंग लवकर वाळत नाहीं. स्पिरिटाच्या फडक्यानें अंग पुसून, मग चपड्याचे दोन-तीन हात देऊन छिद्रें पुरतीं भरावीं, आणि नंतरच कोरावयास घ्यावें. तेंदूची गोष्ट उलट. विड्यांच्या पानांसाठीं सर्वांना माहीत असलेल्या या झाडाच्या जून खोडांत काळा गाभा सांपडतो. तो आबनुसाच्याच कुळांतला, घट्ट आणि बारीक पोताचा. त्यांत रंग फारसा धांवत नाहीं, आणि काळ्यावर पिवळें किंवा पांढरें नांव जितकें खुलतें तितकें दुसऱ्या कशावर खुलत नाहीं.

ज्यांत रंग मुळींच धांवत नाहीं असें द्रव्य म्हणजे एबोनाइट, रबर आणि गंधक एकत्र शिजवून केलेला कठीण काळा पदार्थ. भारतांत हातानें केलेल्या एबोनाइटच्या लेखण्यांचें नांव निघालें कीं राजमहेंद्रीची आठवण येते. तेथें के. व्ही. रत्नम् यांनीं १९३२ च्या सुमारास स्वदेशी फाउंटन पेन करण्यास आरंभ केला, आणि १९३५ सालीं त्यांचें पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या मार्फत वर्ध्यास गांधीजींच्या हातीं पोंचलें. गांधीजींनीं तें वापरून पाहिलें आणि पसंतीचें पत्र पाठविलें. भूगोलाच्या दृष्टीनें हें पत्र नदीबरोबरच खालीं गेलें असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण वर्धा नदी बल्लारपुरावरून जाऊन वैनगंगेला मिळते, त्यांची प्राणहिता होते, ती सिरोंचापाशीं गोदावरींत शिरते, आणि तीच गोदावरी राजमहेंद्रीखालून समुद्राकडे जाते. एबोनाइटवरही घेणाराचें नांव कोरतां येतें. तेथें लेपाची गरज नाहीं. खांचेंतला चुरा काढला कीं रंग भरावा, पुसावा, झालें. मात्र एक सावधगिरी हवी. सोनेरी म्हणून जी पूड मिळते ती बहुधा तांबें व जस्त यांची असते, आणि एबोनाइटांतल्या गंधकाच्या सहवासानें ती कालांतरानें काळवंडूं शकते. तेथें साधा पिवळा रंग अधिक टिकाऊ, जरी दुकानांत सोनेरीचीच मागणी जास्त असली तरी.

खांचेंत भरावयाचें द्रव्य लाखच कां असूं नये, असा प्रश्न साहजिक आहे, आणि तशी परंपराही आहे. मुरादाबादेस पितळेच्या भांड्यांवर नक्षी कोरून तींत रंगीत लाख वितळवून भरतात. गार झाल्यावर वरची लाख घासून काढली कीं खांचेंतली तेवढी राहते आणि ती भांड्याच्या अंगाशीं एकजीव दिसते. तेलरंगाला अशी चमक येत नाहीं. परंतु पितळ तापवितां येतें. वेळू तापविला तर करपतो किंवा फुटतो, आणि एबोनाइट आंचेनें मऊ पडून वांकतो. धातूच्या टोपणावर किंवा कड्यावर ही रीति साधेल. वेळूच्या अंगावर लाख लेप म्हणूनच राहिलेली बरी.

अलीकडे कोरण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं टांकीऐवजीं लेसर यंत्रानें होतें. त्यानें वेळ वांचतो आणि अक्षर कागदावरच्यासारखें रेखीव येतें, यांत शंका नाहीं. हें यंत्र कापीत नाहीं, जाळतें. म्हणून वेळूवर अक्षर आपोआप तपकिरी उमटतें आणि पुष्कळदां रंगाची जरुरीच राहत नाहीं. परंतु रंग द्यावयाचाच असेल, तर खांचेंतली काजळी आधीं साफ केली पाहिजे; काजळीवर बसलेला रंग काजळीबरोबरच गळतो. यंत्राचा दुसरा धोका संगणकांतला आहे. अक्षरांचा संच नीट नसेल तर जोडाक्षर फुटतें, पाय मोडलेलें अक्षर वेगळें आणि पुढचें वेगळें असें येतें, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसते. टांकीनें कोरणारा कारागीर निदान वाचीत असतो. यंत्र वाचीत नाहीं. म्हणून नांव आधीं कागदावर, खऱ्याच मापानें, छापून घेणाराला दाखवावें आणि त्याची सही घ्यावी. ही सवय लाजिरवाणी वाटते, पण एक सही दोन दिवसांचें काम वांचविते.

यापुढचा काळ ऋतूंचा. वेळू पावसाळ्यांत ओलावा घेऊन फुगतो, उन्हाळ्यांत आकसतो. हा फेर लांबींत जवळजवळ नसतो, जाडींत व रुंदींत असतो. कान्याच्या खांचेची रुंदी लेखणीच्या लांबीकडे पडते, म्हणून ती स्थिर राहते. शिरोरेषेची रुंदी आडवी पडते, म्हणून ताण तिच्यावर येतो, आणि ठिसूळ रंग प्रथम तेथेंच पापुद्र्यासारखा सुटतो. एवढेंच नव्हे, तंतूंबरोबर चाललेली ती एक लांब चीरच असल्यामुळें कोरणी फार खोल गेली असेल तर वेळू त्याच रेघेवर उलतो. यासाठीं शिरोरेषा कान्यांपेक्षां उथळ घ्यावी, सलग न घेतां प्रत्येक शब्दापाशीं तोडावी, आणि वेळू पुरता वाळलेला असल्यावांचून कोरावयास घेऊं नये. तेलरंग वाळल्यावरही थोडा लवचिक राहतो, हा त्याचा येथें आणखी एक गुण.

इतकेंही करून रंग चुकलाच, तर तो ओला असेतोंवर सारें सुधारतां येतें. चुकलेलें एक अक्षर तेवढें दुरुस्त करण्याच्या भरीस पडूं नये. जुन्या व नव्या रंगाची कड वाळल्यावर दिसतेच. टर्पेंटाइनानें सबंध नांव धुऊन काढावें, मऊ कुंचल्यानें खांच रिकामी करावी, एक रात्र वाळूं द्यावें आणि पुनः पहिल्यापासून भरावें. रंग तंतूंत उतरला असेल तर मात्र धुऊन उपयोग नाहीं. तेथें कांडें लेथवर पुनः कांतून नांवासह वरचा थर काढावा लागतो. मानवेलाची भिंत जाड असल्यामुळें असें एकदां करतां येतें, दुसऱ्यांदा येत नाहीं. आणि तें कांडें मग साल गेलेलें, तंतु उघडे पडलेलें असें राहतें, म्हणून त्याला चपड्याचे हात पहिल्याहून दुप्पट द्यावे लागतात.